बेअरिंग तपासल्याशिवाय गाडी मिळणार नाही

४ फेब्रुवारी, रविवार
लेकीला नोकरी लागली. एका कारखान्यात यंत्रं तपासायचं काम. कारखाना शहराबाहेर, मोठ्या रस्त्याने जावं लागतं. एकोणीस तारखेपासून तिला माझी मोटरसायकल हवी आहे. मी मोठ्या मनाने हो म्हटलं. अट एकच: आधी मी स्वतः बेअरिंग तपासणार. हँडलचं आणि मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचं. गाडीचा जीव तिथेच असतो. बायकोने विचारलं, याआधी कधी तपासलं होतं? मी म्हटलं, मी चालवतो तेव्हा गरज नसते, माझ्या मनगटांना सगळं कळतं.

त्याच दिवशी, दुपार
एक व्हिडिओ अर्धा पाहिला. पुरेसा आहे. गाडी डबल स्टँडवर घेतली, मागच्या सीटवर रद्दीचे गठ्ठे बांधले, पुढचं चाक उचललं गेलं. पुढे बसून चाकाचा फोर्क खालून धरला आणि मागेपुढे ओढला. खट. पुन्हा ओढला. खट! बेअरिंग गेलं. पोरीला गाडी देता येणार नाही याचं फार वाईट वाटलं. जेवण मात्र छान गेलं.

५ फेब्रुवारी, सोमवार
लेक म्हणाली, मग मेकॅनिककडे टाकू. घरात जाणकार माणूस असताना? मीच आवळणार. त्याला वेगळा पाना लागतो. माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी आहे. तेवढ्यात भागतं.

८ फेब्रुवारी, गुरुवार
आवळलं. खट आहेच. आणखी आवळलं. खट आहेच. चिवट बेअरिंग आहे.

११ फेब्रुवारी, रविवार
आज हातोडी जरा मनापासून चालवली. हँडल आता जात्यासारखं जड फिरतं. याला स्थैर्य म्हणतात. गल्लीत एक फेरी मारली. वळल्यावर गाडी सरळच होईना. शेजारच्या वहिनींची कुंडी गेली. कुंडी मुळात नको तिथे ठेवलेली होती. वहिनींना तसं समजावलं. त्यांना ते पटलं नाही.

मग गठ्ठे न बांधता मागचंही तपासलं. चाकाचा दांडा धरून डावी-उजवीकडे हलवला. तिथेही खट! म्हणजे दोन्ही बेअरिंग गेली. जेवताना जाहीर केलं की गाडी रस्त्यावर न्यायच्या लायकीची नाही, लेकीने कारखान्याच्या बसने जावं. ती काही बोलली नाही. हे काही न बोलणं आईकडून आलंय. आई बोलली. म्हणाली, इतकी धोक्याची गाडी तुम्ही रोज ऑफिसला कशी नेता? माझ्या अनुभवाची गोष्ट वेगळी. तेवढं सांगून मी ताक मागितलं.

१४ फेब्रुवारी, बुधवार
लेक संध्याकाळी गाडीभोवती घुटमळत होती. तिला सांगितलं की घाईत काम बिघडतं, मार्चमध्ये बघू. मार्च गडबडीचा असतो, म्हणजे खरं तर एप्रिल.

१७ फेब्रुवारी, शनिवार
लेकीने मला पुन्हा फोर्क ओढायला लावला आणि स्वतः खाली बसून स्टँडला हात लावला. खट. ती हसली. मग शेजाऱ्यांच्या कारचा जॅक आणून इंजिनखाली लावला, स्टँड वर दुमडला, आईला मागून गाडी घट्ट धरायला सांगितलं आणि मला म्हणाली, आता ओढा. ओढला. काही नाही. जीव खाऊन ओढला. तरी काही नाही. मागचा दांडाही गप्प.

तिचं म्हणणं असं की स्टँडची खीळ झिजली आहे. मी बेअरिंग नव्हे, अख्खी गाडी स्टँडवर हलवत होतो. चाक अधांतरी असताना हँडलला बोट लावलं की ते आपसूक एका बाजूला पडायला हवं म्हणे. आमचं जागचं हललं नाही. इतकं कुणी आवळलं, असं तिने विचारलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

दोघी गाडी ढकलत मेकॅनिककडे घेऊन गेल्या. हँडल सैल करून, नवी खीळ घालून आणली. बेअरिंग ठणठणीत. खट कुठून येते याबद्दल मी कधीच ठाम नव्हतो. वरच्या नोंदी घाईत लिहिल्या आहेत.

१८ फेब्रुवारी, रविवार
टायर, चेन आणि ब्रेक राहिलेच होते. तपासायला घेतले तर बायकोने हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. म्हणाली, "पोरगी मोठ्या रस्त्याला जाणार म्हणून तुमच्या पोटात गोळा आलाय. सरळ तसं म्हणा ना."

काहीतरीच. मला कसली भीती? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही तो उकाड्यामुळे. बायको दोन पांघरुणं घेऊन झोपली होती, पण तिची प्रकृतीच थंड.

१९ फेब्रुवारी, सोमवार
लेकीचा पहिला दिवस. मागच्या बेअरिंगची खरी परीक्षा वजन टाकल्यावरच होते, म्हणून मागे मी बसलो. निव्वळ तांत्रिक कारणासाठी. पोरगी गाडी बरी चालवते. माझ्यापेक्षा बरी, असं बायको म्हणाली असती, म्हणून तिला हे सांगणार नाही.

मोठ्या रस्त्याला लागलो. शेजारून ट्रक गेला आणि मागून गाडी थरथरायला लागली. मी ओरडून सांगितलं की बघ, मागचं बेअरिंग, मी म्हणत नव्हतो? तिने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. थरथर चालूच.

"बाबा," ती म्हणाली, "गाडी उभी आहे. थरथरताय तुम्ही."

मग माझे हात तिने थोडा वेळ धरून ठेवले. पोचल्यावर फोन करते म्हणाली आणि मला बस स्टॉपवर उतरवून गेली. अगदी सरळ गेली, दिसेनाशी होईपर्यंत.

ऑफिसला बसने आलो. बसचं बेअरिंग गेलेलं आहे. फोन येईपर्यंत सीटचा दांडा हातात सारखा थरथरत होता.