हत्तीची बंदूक, हलकी काडतुसं

९ सप्टेंबर, मंगळवार

परवानगी मिळाली! म्हणजे एल्डनच्या मते मिळाली. मिझुलाची डॉक्टरीणबाई म्हणाली, "आता हलकी बंदूक चालेल." यातला 'हलकी' हा शब्द माझ्या नवऱ्याच्या कानापर्यंत पोचलाच नाही. खांदा नवा बसवला, कान जुनेच आहेत.

मी मुद्दाम विचारलं, धक्क्यानं सांधा सैल झाला तर? ती म्हणाली, "दुसऱ्यांदा बसवायला हाडच उरलेलं नाही. हात लोंबता राहील." हे त्याच्यासमोर म्हणाली. त्याच्याकडे बघून म्हणाली.

घरी येताना गाडीत साहेब शीळ घालत होते.

१० सप्टेंबर

जूनमध्ये सोडत लागली तेव्हाच मला कळायला हवं होतं. वरच्या डोंगरातल्या मोठ्या एल्क नराच्या, म्हणजे घोड्याएवढ्या सांबराच्या, शिकारीचा परवाना. एल्डन कितीतरी वर्षं अर्ज करतोय. मागे एकदा तर आमच्या लग्नाचा वाढदिवस विसरला, पण अर्जाची तारीख विसरला नाही. खांद्याला पट्टी, हात झोळीत, आणि स्वयंपाकघरात नाचत होता.

मी म्हटलं, हलकी रायफल घे. मर्विन उसनी देईल. मर्विन म्हणजे शेजारचा. दहावीला माझ्या हाताखाली रसायनात नापास झाला आणि अजून मला 'बाई' म्हणतो. दोन्ही गोष्टींबद्दल त्याच्या मनात राग नाही.

पण नाही. एल्डनला स्वतःचीच हवी. स्वतःची म्हणजे ती चार-अठ्ठावन्न! आफ्रिकेत हत्ती मारायला बनवतात ती. तरुणपणी आफ्रिकेला जायचं ठरवून घेतली. मग छप्पर गळायला लागलं आणि आफ्रिका राहिली. मोंटानात हत्ती नाहीत. मी भूगोल शिकवत नव्हते, तरी एवढं मला माहीत आहे. तोफ आणायची आणि गाय राखायची.

"दुसऱ्याच्या बंदुकीनं मारलेलं जनावर दुसऱ्याचंच वाटतं गं," म्हणाला.

जनावराला विचारलं असतं तर त्याला फरक पडला नसता.

१४ सप्टेंबर, रविवार

चर्चमधून आल्यावर गॅरेजमध्ये बैठक. मर्विनचं म्हणणं — बंदूक तीच ठेवा, काडतुसं घरीच हलकी भरा. पितळेची पुंगळी तीच, गोळी शिशाची आणि हलकी, आतली बंदुकीची दारू अगदी थोडी. लाथ मारणारं खेचर शेळी होतं.

"थोडी म्हणजे किती?" मी विचारलं.

"बाई, जितकी कमी तितकी सुरक्षित!"

उगाच नापास केला नव्हता. चुकीची दारू कमी भरली तरी बंदूक फुटू शकते. तेव्हा काडतुसं भरायच्या पुस्तकात असेल तीच दारू आणि तेवढंच माप. त्याच्या वर नाही आणि खालीही नाही, असं मी जाहीर केलं. आणि माप मी बघणार. एल्डनचा उजवा हात अजून कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत जात नाही, आणि लक्ष तर दारापर्यंतही टिकत नाही. काल कॉफीत साखरेऐवजी मीठ घातलं आणि अर्धा कप प्यायला. म्हणाला, "आज वेगळीच आहे."

२० सप्टेंबर, शनिवार

हलकी काडतुसं, भाग पहिला. चांदमारीवर गेलो. एल्डननं नळी आकाशाकडे उचलली, मग हळूच खाली आणली, मग चाप ओढला. एवढ्या मोठ्या पुंगळीत चिमूटभर दारू असली की ती इकडेतिकडे लोळते. बुडाशी यावी म्हणून हे करायचं असतं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, प्रत्येक गोळीआधी प्रार्थना चालली आहे.

आवाज आला — ठो नाही, फुस्स. लक्ष्याचा कागद कोरा. गोळी अर्ध्या वाटेवर मातीत.

"पोचेल, पोचेल," मर्विन म्हणाला, "पोस्टानं पाठवलीय."

एल्डन मात्र खांदा चोळत नव्हता. पहिल्यांदाच. माझ्याकडे बघून असा हसला की मी दुसरीकडे पाहिलं.

२१ सप्टेंबर

इंग्रिडचा स्पोकेनहून फोन. "आई, ती बंदूक विकून टाक ना!" मी म्हटलं, बापाला सांग. बापाला फोन दिला. दोघं अर्धा तास कुत्र्याबद्दल बोलले.

२७ सप्टेंबर, शनिवार

पुस्तकातलं पुढचं माप. चार गोळ्या कागदावर, तीन तर तळहाताएवढ्या जागेत. धक्का — एल्डनच्या भाषेत "नात मांडीवर येऊन बसावी तसा." आम्हाला नात नाही. पण समजलं.

घरी येऊन हकलबेरी या रानफळाचा गोड पाय ओव्हनमध्ये भाजला. उगाच. फ्रीजर रिकामा करायचा होता म्हणून.

३ ऑक्टोबर

माप ठरलं. आता शिकारीसाठीची खरी काडतुसं भरायची. मी भिंतीवर नियम लावले. दारू टेबलावर असताना बोलायचं नाही. फोन स्वयंपाकघरात ठेवायचा. कुत्रा बाहेर. पुंगळ्या भरून झाल्या की प्रत्येकीत टॉर्च मारून बघायचं आणि मगच वर गोळी बसवायची.

कारण सरळ आहे. भरपूर दारूचं काडतूस दोनदा भरलं तर दारू सांडते, आंधळ्यालाही कळतं. हलक्यात चिमूटभरच असते. चुकून दुसरं माप पडलं तरी पुंगळी अर्धी रिकामीच दिसते. वर गोळी बसली की संपलं. मग ते हलकं काडतूस नसतं, तोंडाजवळ धरलेला बाँब असतो.

एल्डननं नियम वाचले. "मास्तरीणबाई, लघवीला जायचं असेल तर हात वर करायचा का?"

"उजवा करून दाखव," मी म्हटलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

भरली! मी एकटीच भरणार होते, पण त्यानं हट्ट धरला — "निदान निम्मी माझ्या हातची असू देत. नाहीतर मी फक्त हमाल." म्हणून दोन ट्रे. वीस त्याची, वीस माझी.

तो डाव्या हातानं भरत होता. प्रत्येक पुंगळीत टॉर्च घालून, एक डोळा मिटून, घड्याळजीसारखं बघायचा. पुन्हा बघायचा. मी ताटकळत. टॉर्चचा नियम त्याच्यासाठी आहे. माझ्या हाताला माप कळतं. चौतीस वर्षं शाळेतल्या तराजूवर गेली आहेत, एकाही पोराची भुवई जळली नाही.

त्यातच कुत्र्यानं दार खरवडायला सुरुवात केली. हा उठला, दार उघडलं, कुत्र्याशी गप्पा मारल्या, परत येऊन बसला. दारू टेबलावर असताना! आणि मग शीळ. माझा ट्रे निम्मा झाला होता. मी माप ठेवलं, उठले, त्याच्या टेबलाशी जाऊन चांगलं झापलं. मग येऊन उरलेला ट्रे भरला, गोळ्या बसवल्या आणि त्याच्या कितीतरी आधी हात धुतले.

"झालं पण तुझं?" म्हणाला.

शिस्त असली की होतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

ताळा जमत नाही.

शाळेची सवय — भरण्याआधी दारूचा डबा तोलला होता, आज उरलेला तोलला. एका मापाएवढी दारू जास्त खर्ची पडली आहे. एकाच मापाएवढी. सांडली म्हणावं तर टेबल पुसलेलं, जमीन झाडलेली, कुठे कण नाही. माप तपासलं; ठीक आहे. तराजू तपासला, ठीक आहे.

म्हणजे चाळिसांत एक दुहेरी आहे.

कोणाच्या ट्रेमध्ये, हे विचारायला नको. कुत्र्याला विचारा.

१३ ऑक्टोबर

त्याला सांगितलं. उठून कुत्र्याला बाहेर सोडलं. मग म्हणाला, "मी प्रत्येकात पाहिलं होतं."

"कुत्रा आत घेण्याच्या आधी की नंतर?"

"दोन्ही वेळा." मग, अगदी हळू — "दोन्ही ट्रे फोडूया का? तुझाही आणि माझाही. पुन्हा भरू."

मी म्हटलं, माझ्या ट्रेचा प्रश्नच येत नाही.

माणूस भांडला असता तर बरं झालं असतं. "बरं," म्हणाला आणि बाहेर जाऊन लाकडं रचायला लागला. डाव्या हातानं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मर्विन आला, कॉफी प्यायला, तोडगा घेऊन. "बाई, काडतुसंच तोला ना! जे जड भरेल ते गुन्हेगार."

असं होत असतं तर मी वाट बघत बसले असते का? पितळेच्या पुंगळ्या एकसारख्या वजनाच्या नसतात, शिशाच्या गोळ्याही नसतात. त्या फरकात एक चिमूट दारू कुठच्या कुठे लपते. तरी त्याच्या समाधानासाठी तोलली. सगळ्यांची वजनं वेगळी. "मग सगळीच गुन्हेगार," मर्विन म्हणाला. एल्डन हसला नाही.

१९ ऑक्टोबर

एल्डन म्हणतो, यंदा नाही जात.

"परवाना आहे, खांदा आहे, बंदूक आहे," मी म्हटलं, "काय राहिलं?"

"माझ्यावर माझाच भरवसा नाही राहिला. इतकं बघूनही चुकत असेल तर वर चाप ओढताना काय करीन?"

मी रागावले. इतक्या वर्षांची सोडत, चार महिने खांद्याचे व्यायाम — रबराच्या पट्ट्या ओढताना हा माणूस ओठ चावायचा, ते मी दारातून बघितलंय — आणि आता एका चिमटीसाठी घरी बसणार? मी म्हटलं, तुझी काडतुसं नेऊच नकोस. माझी ने. माझी चोख आहेत. तू फक्त नळी आकाशाकडे कर आणि चाप ओढ, बाकी माझ्यावर सोड.

रबराची पट्टी उचलून दोनदा ओढली. मग म्हणाला, "तू म्हणतेस तर जातो."

एवढं साधं होतं तर आठवडाभर तोंड कशाला पाडायचं?

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दोघं गेले. मर्विनची गाडी, मर्विनचा तंबू, मर्विनचे विनोद. वर बर्फ आहे म्हणे, टाचेएवढं. एल्डनला लोकरीचे दोन जोड मोजे, खिम्याच्या मीटलोफचे सँडविच आणि माझ्या ट्रेमधली पाच काडतुसं दिली. पाच पुरेत; युद्धाला नाही चालला. त्यानं ती खिशात ठेवताना एकेक हातात घेऊन पाहिलं.

"मास्तरीणबाईंच्या हातची. आता नेम चुकला तर सबबच नाही."

"खांदा सांभाळ."

"नात येणार मांडीवर!" एल्डन मर्विनच्या गाडीतून ओरडला. शेजारपाजारच्यांना काय वाटलं असेल!

उद्या उजाडताच हंगाम सुरू.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळचं आवरून गॅरेजमध्ये बसले. एल्डनचा ट्रे फोडायला घेतला आहे. पोकळ हातोड्यात काडतूस अडकवायचं, ठोकायचं, गोळी सुटते, दारू बाहेर येते, ती तराजूवर घालायची. ठाक, ठाक, ठाक! कुत्रा बाकाखाली.

बेत असा — दुहेरी सापडलं की त्यातली दारू बशीत काढून ठेवायची आणि रविवारी जेवताना त्याच्या ताटाशेजारी मांडायची. बोलायचं काहीच नाही. हसेल शेवटी. आणि पुढच्या वर्षी टेबलाजवळ कुत्रा येणार नाही.

नऊ काडतुसं फोडून झाली. नऊही बरोबर. गुन्हेगार तळाशी दडून बसलाय. मनगट दुखतंय, जरा कॉफी घेते.

२५ ऑक्टोबर, दुपार

एल्डनचा ट्रे संपला. विसाव्यातलीही दारू बरोबर. त्याची एकही चूक नाही.

डोंगरात फोन लागत नाही. दोघांचेही. शिकारखात्याचा वॉर्डन हॅमिल्टनहून निघालाय, चाकांना साखळ्या लावून, मला घेऊन वर जाईल. तो येईपर्यंत माझा ट्रे फोडला. घरी उरलेली पंधरा. प्रत्येक ठोक्याला म्हणत होते, यात असू दे, यात असू दे.

पंधराही बरोबर.

वर उजाडून सहा तास झाले.