गिधाडांच्या पिंजऱ्यावरची पाटी

बिबवेवाडी, पुणे

प्रिय हेमा,

नव्या घराची तुमची शोधाशोध चालू आहे हे कळलं. कर्वेनगरला मिळालं तर बरंच, मला रिक्षाने पटकन येता येईल. मी बरी आहे, गुडघे सोडून. पण खरं सांगू का, दमले गं. प्राण्यांच्या संस्थेसाठी इतकी वर्षं देणग्या मागितल्या, आता नुसता जिना दिसला तरी वर राहणाऱ्याचा राग येतो.

तुला ठाऊकच आहे, कुत्र्याच्या पिल्लाचा फोटो छापला की लोक लगेच देतात. गाईसाठी तर तोंडही उघडावं लागत नाही. अडतं ते आमच्या गिधाडांपाशी. पंख मोडलेली, पुन्हा कधी न उडणारी. तुझे बाबा म्हणायचे, "तुमचे पाहुणे दिसायला जरा कमी पडतात." आणि रविवारी पिंजऱ्याची जाळी दुरुस्त करायला स्वतःच पक्कड घेऊन निघायचे. त्यांच्यानंतर ती जाळी पार गंजली.

मग हिंदुराव नावाचे बिल्डर भेटले. त्यांना वडिलांच्या नावाने काहीतरी करायचं होतं. मी पक्षी विभाग सुचवला. त्यांच्या डोळ्यांपुढे मोर आले असावेत. त्यांनी विचारलं नाही, मीही खोलात शिरले नाही. नवा पिंजरा झाला. पुण्यतिथीला सगळं घर हार-पेढे घेऊन आलं. पडदा सरकला, 'कै. गेनबा यांच्या स्मरणार्थ', आणि खाली ओळीने बसलेली गिधाडं! त्यांच्या आत्या, सरुबाई, रडायलाच लागल्या. हिंदुराव म्हणाले, "बाई, माझा बाप काय मढी खात हुता व्हय?" मला हसू आलं, ते पदराआड दाबलं.

पाटी त्याच दिवशी उतरली. आता ते म्हणतात, पिंजऱ्याचे पैसे परत करा, नाहीतर गिधाडं हलवा, तिथे गोशाळा बांधून देतो. हलवायची कुठे? कोणीही घेत नाही. संस्थेच्या समितीने मला महिनाअखेरची मुदत दिलीय, तोवर दुसरा देणगीदार आणायचा. गाईंशी माझं भांडण नाही, पण ही कुठे जातील? दारोदार फिरले. नारायण पेठेतले एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "देणगी देऊ, पण आमच्या आडनावाखाली हे बसणार असतील तर आपण चहा घ्या आणि निघा." चहाही अर्धाच कप होता.

आता मूळ मुद्द्यावर येते. बाबांची ठेव तुझ्या घरासाठी म्हणून ठेवली आहे. ती मोडून हिंदुरावांचे पैसे फेडावेत आणि तिथे बाबांचं नाव लावावं, असं फार मनात आहे. पण ती तुझीही आहे, म्हणून विचारते. फोनवर विचारलं असतं तर माझा आवाज ऐकून तू लगेच हो म्हणाली असतीस. कीव आली की माणूस हो म्हणतो, यावरच तर माझी नोकरी चालली. ते तुझ्यावर चालवायचं नाही, म्हणून हे पत्र. जावयांशी बोल, सावकाश ठरव. आणि नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हण, मला त्याची सवय आहे.

तुझीच,
आई