नऊ नंबरचा वाफा

३ जुलै, सोमवार

नऊ नंबरचा वाफा माझं डोकं फिरवणार! बाकी सगळ्या वाफ्यांत लंबू गवत जिंकतंय आणि बुटकं दबतंय. त्यात कळायला अवघड काय आहे? दोन गवतं एकत्र पेरली, जे उंच झालं त्याने ऊन खाल्लं, खालचं सावलीत पिवळं पडलं. नऊमध्ये मात्र सगळं उलटं. बुटकं गादीसारखं पसरलंय, आणि लंबू शोधावं लागतंय. माती तीच, पाणी तेच, बी एकाच पिशवीतलं. परत परत मोजलं. काही चुकलेलं नाही.

केंद्राच्या मॅडम म्हणाल्या, "कारण शोध. असा अर्धवट अहवाल मी वर पाठवणार नाही." वर म्हणजे जिथून नोकरीची मुदतवाढ येते. यंदा ती एकालाच मिळणार, मला नाहीतर मोजपट्टीला. मोजपट्टी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा, खिशात कायम फूटपट्टी. त्याचं एकच पालुपद — "उंचीचं काय घेऊन बसलीस? कोंब कुठून फुटतो ते बघ, पान किती जाड ते बघ." बघितलं! उंच ते उंचच.

६ जुलै, गुरुवार

नाना आता रोज माझ्याबरोबर कामावर येतात. गॅस चालू ठेवून फिरायला गेले होते, तेव्हापासून त्यांना घरी एकटं सोडायची सोय नाही. दादा फोनवर म्हणतो, "एखादी चांगली जागा बघू त्यांच्यासाठी." जागा! वडील आहेत का कपाट?

मॅडमनी परवानगी दिलीय, पण अट घालून. व्हरांड्यातच बसायचं, वाफ्यांत पाऊल टाकायचं नाही. बसतात बिचारे. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या माना बघतात. "कोपरे ठेवलेत मानेवर! सलूनात गेला होता का सुताराकडे?" जन्मभर केस कापायचं दुकान चालवलं, नजर कशी जाणार? काल मला आईच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली.

११ जुलै, मंगळवार

नऊमधल्या लंबूची टोकं भिंगाखाली धरली. सरळ! टोळ कुरतडतो, त्याची कड अशी नसते. ससा तिरकं तोडतो, शिवाय लेंड्या टाकून जातो. म्हणजे कापलंय कोणीतरी. मग कापलेलं गेलं कुठे? खाली एक काडी नाही. जमीन झाडून ठेवल्यासारखी स्वच्छ. काही म्हणजे काही कळत नाही.

१२ जुलै, बुधवार

मोजपट्टीने केस कापलेत. एरवी नुसत्या झिपऱ्या. म्हटलं, "काय रे, लग्नबिग्न ठरलं की काय?" नुसता हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात?

१६ जुलै, रविवार

नाना म्हणाले, "बस, तुझे केस नीट करतो." किती दिवसांनी! पण कात्री सापडेना. सगळे खण उपसले. "नाना, कुठे ठेवलीत?" तर म्हणे, "दुकानात." दुकान विकूनही जमाना झाला.

लहानपणी माझे केस तेच कापायचे. मान गोल, आणि डाव्या कानामागे अर्धं बोट वर. दरवेळी! त्यांचा हातच तसा वळतो. शाळेत पोरी चिडवायच्या, मी घरी येऊन भांडायचे. आज वाटलं, कात्री सापडायला हवी होती.

१९ जुलै, बुधवार

बोलले एकदाची. मॅडमना सांगितलं — माझा वाफा मोजपट्टी कापतोय. दुसरं कोण कापणार? लंबू हरलं तर खरं कोणाचं ठरतं? मुदतवाढ कोणाला मिळते?

मॅडमनी त्याला बोलावलं. मला वाटलं, तावातावाने बोलेल, मला खोटं पाडेल. तो नुसती फूटपट्टी बोटांत फिरवत राहिला. मॅडमनी पुन्हा विचारलं तर म्हणाला, "मी नाही कापलं. कोणी कापलं ते सांगता येणार नाही." सांगता येणार नाही! हे काय उत्तर झालं? मॅडम म्हणाल्या, महिनाअखेर ठरवू.

मग जिंकले ना मी? तर जेवण का गेलं नाही?

२२ जुलै, शनिवार

अर्धा दिवस होता. गवताची वजनं संपवून बाहेर आले तर नाना खुर्चीत नाहीत. जीव घाबराघुबरा झाला. फाटकाकडे पळणार, तेवढ्यात कात्रीचा आवाज आला. च्यक च्यक च्यक.

नऊ नंबर. व्हरांड्याच्या पायरीला लागूनच तर आहे! नाना उकिडवे बसलेले. वाफ्याच्या कडेला टॉवेल पसरलेला. "मान खाली घ्या. हं, आता हलू नका," गवताशी बोलणं चाललेलं. जे उभं दिसेल ते कापायचं, कापलेलं टॉवेलात गोळा करायचं. कधी कचरा ठेवलाय त्यांनी खुर्चीखाली!

"नाना!" ओरडलेच मी.

त्यांनी वर बघितलं. ओळख नाही डोळ्यांत. "बसा ताई, पाचच मिनिटं. यांचं होत आलंय."

मी पायरीवर बसले. दुसरं काय करणार होते?

आता सगळं जुळतंय. लंबूचा कोंब वर चढतो, तो कापला की त्याचा खेळ आटोपला. बुटक्याचा कोंब जमिनीलगत, कात्री तिथवर जात नाही, आणि वर ऊन मोकळं. म्हणजे मोजपट्टीचं बरोबर. माझंही बरोबर, कोणी कापत नाही तोवर. एवढं छान कारण सापडलं आणि मी रडतेय!

सांगितलं तर नानांना फाटकातूनच परत पाठवतील, आणि दादाची ती जागा. नाही सांगितलं तर मोजपट्टी जाईल, चोर ठरून. काय करू? दोन दिवस काही सुचणार नाही.

२४ जुलै, सोमवार

आधी मोजपट्टीला सांगायचं ठरवलं. तो वाफ्यावर वाकलेला होता, पाठ माझ्याकडे. शब्द जुळवत मागे उभी राहिले आणि त्याची मान दिसली. गोल. डाव्या कानामागे अर्धं बोट वर.

"तुला माहीत होतं?"

"पायरीवर आमच्या दोघांचे केस कापायचे ना ते. माझे आणि गवताचे," तो म्हणाला. "मी बोललो असतो तर त्यांना आत कोणी सोडलं असतं?"

मला तोंड वर करवेना. म्हटलं, "चल, आत्ता मॅडमकडे जाऊन खरं सांगते."

"शुक्रवारी माझा नंबर लावलाय नानांनी," तो म्हणाला. "तेवढं होऊ दे, मग सांग."