सोलफ्रिदचा बोगदा

क्रिस्तियानसुंद, ११ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मागनहिल्ड वन्संना तोरब्योर्गचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? ओलेसुंदला पायऱ्या फार आणि तुम्ही काठी घ्यायला लाजता, म्हणून आधी तेच विचारते. आम्ही खुशाल आहोत. म्हणजे अर्नफिन खुशाल आहे. मी का नाही, ते सांगायलाच बसले आहे. तेव्हा कॉफीचा मोठा मग भरून घ्या.

तुमचा भाऊ किती बोलतो हे तुम्हाला मी सांगायला नको. "हं", "बरं" आणि "कॉफी आहे?" एवढ्यावर आमचा एकोणचाळीस वर्षांचा संसार झाला. (लग्नाची मागणीसुद्धा त्यानं "मग?" अशी घातली होती, आणि मी बावळट "हो" म्हणाले.) तर हाच माणूस जानेवारीपासून रोज सकाळी दहा वाजता एका बाईशी फोनवर पाऊण पाऊण तास बोलतो. बाईचं नाव सोलफ्रिद.

झालं असं, की बंदरावरच्या संग्रहालयाला जुन्या बोटींच्या चार हजार फोटोंवर नावं घालून हवी होती. निवृत्त कप्तान म्हणून अर्नफिननं काम अंगावर घेतलं. फोटो नगरपालिकेच्या संगणकात, आणि घरून ते बघायचे तर व्हीपीएन लावावं लागतं. म्हणजे आपल्या संगणकापासून त्यांच्या संगणकापर्यंत एक खासगी बोगदा. आतून काय जातं ते बाहेरच्याला दिसत नाही. ही व्याख्या माझी नव्हे, सोलफ्रिदची. संगणक अडला की लोक नगरपालिकेत जिला फोन करतात ती ही. आता बघा, ज्याची फेरीबोट समुद्राखालच्या बोगद्यानं कायमची धक्क्याला लावली, त्याला ही बाई बोगद्याचं कौतुक सांगते! मला वाटलं, आता फोन आपटणार. तर हा म्हणतो, "एका बोगद्यानं माझी बोट खाल्ली, आता दुसरा घरात आणताय होय?" ती हसली. पहिल्या दिवशी फोन स्पीकरवर होता, स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. वन्सं, तुमच्या भावानं विनोद केला! मी माशाचे गोळे तळत होते, ते करपले.

बोगदा काही सरळ उघडेना. रोज सकाळी पडद्यावर "जोडणी नाकारली", की लगेच फोन. परवलीचा शब्द पुन्हा घातला, पहारा देणारा प्रोग्राम बंद करून पाहिला, सगळं काढून नव्यानं बसवलं, दिवे मिचकावणारी पेटी तीस सेकंद बंद ठेवली. (त्या तीस सेकंदांत हा तिला हवा, भरती आणि सीगलच्या खोड्या सांगायचा.) पावणेअकरापर्यंत जोडणी व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पुढे हा फोन कानाला लावायचा, मला फक्त ह्याच्या बाजूचं बोलणं ऐकू यायचं, त्यामुळे तिकडून ती काय सांगते कोण जाणे. पण एक दिवस हा दाढी करून फोनला बसला. फोनला! अंगात मी विणलेला निळा स्वेटर, जो माझ्या साठीला "टोचतो" म्हणून घातला नव्हता. मी मनात त्या सोलफ्रिदला अठ्ठावीस वर्षांची केली, लांब वेणी घातली, आणि वेणी ओढली.

एवढंही मी गिळलं असतं. पण मागच्या मंगळवारी पॅसेज पुसत होते तेव्हा हा तिला सांगत होता, "शेवटच्या फेरीला बोट धक्क्याला लावली, पण इंजिन बंद करायला हातच होईना. मागं गाड्या भोंगे वाजवतायत, मी आपला तसाच बसून." वन्सं, त्या दिवशी मी घरी विचारलं होतं, "कसं झालं?" तर म्हणाला होता, "बरं." आणि मी ताट वाढलं होतं. मला जे कधी नाही सांगितलं, ते त्या परक्या बाईला? मी फडकं बादलीत टाकलं आणि ठरवलं, हा बोगदा मीच नीट करणार आणि सोलफ्रिदचं तोंड बंद करणार.

गुरुवारी तो दातांच्या डॉक्टरकडे गेला. मी संगणक लावला. त्याची वही शेजारी होती, बोटीवरच्या नोंदवहीसारखी: "९.५८ जोडणी नाकारली. १०.०२ सोलफ्रिद. १०.४७ जोडणी झाली." पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं, तर तारीख अकरा वर्षांपूर्वीची! तो रात्री वीज वाचवायला प्लग काढतो ना, आणि आतलं घड्याळ चालवणारी बटणाएवढी बॅटरी संपलेली. मग रोज सकाळी आमचा संगणक जुन्या काळात उठायचा, आणि बोगद्याच्या दारावर तारीख तपासतात, तिथे ह्याला कोण आत सोडतंय? तीस वर्षं मासळीच्या प्रयोगशाळेत मी वजनकाटे दुरुस्त केलेत, बॅटरीला काय भिते! तसलीच बॅटरी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात होती. खोका उघडला, बसवली, तारीख लावली, बटण दाबलं. हिरवा दिवा! सोलफ्रिदविना!

शुक्रवारी त्यानं बटण दाबलं आणि जोडणी लगेच झाली. "झालं की," मी म्हणाले. "हं," तो म्हणाला, आणि फोनकडे बघत बसला. सोमवारी तेच. मंगळवारी दाढी नाही. काल त्यानं एका बोटीला दुसऱ्याच बोटीचं नाव घातलं, तेही ज्या बोटीवर तो स्वतः नऊ वर्षं होता. वन्सं, इतका पडेल विजय मी पाहिला नाही. शेवटी तो बाहेर गेल्यावर मीच सोलफ्रिदला फोन लावला, काय ते एकदाचं सुनावायला.

तर आवाज घोगरा, वय चौसष्ट, एकटीच राहते. म्हणाली, "अहो, बॅटरीचं मी त्यांना तिसऱ्याच दिवशी सांगितलं. रोज म्हणायचे, आणायची विसरलो. मग आम्ही तारीख बदलायचो."

"त्याला अर्धं मिनिट लागतं," मी म्हणाले.

"हो. उरलेला वेळ गप्पा. इथे सगळे माझ्यावर ओरडायलाच फोन करतात हो. ते एकटेच विचारायचे, आज जेवलात का?"

मग हळूच म्हणाली, "तुम्ही रागावाल, पण तुमच्याबद्दलच फार बोलायचे."

संध्याकाळी बटाटे सोलताना मी त्याला विचारलं, "त्या शेवटच्या फेरीला इंजिन कुणी बंद केलं?" तो हातातली सुरी खाली ठेवून बोलायला लागला. बटाटे तसेच राहिले. आम्ही ब्रेड आणि तपकिरी चीज खाल्लं.

असो. गुडघ्याला जपा, मांजराला माझ्याकडून एक मासा.

तुमची,
तोरब्योर्ग

ता.क. हे पत्र अर्नफिनला दाखवू नका. बॅटरी मी बसवली हे त्याला माहीत नाही. त्याला वाटतं नगरपालिकेनं काहीतरी केलं.

ता.क. २. खरं काम राहिलंच. रविवारी बाराच्या बसनं याच. मी सोलफ्रिदला जेवायला बोलावलं आहे. काल आम्ही दोघी पन्नास मिनिटं बोललो, आणि तिचं निम्मं सांगायचं अजून बाकी आहे. तिच्या शेजारी मी बसणार. तुम्ही तेवढं अर्नफिनला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला धरून ठेवा. त्याची एकदा टकळी सुरू झाली की तो दुसऱ्या कुणाला तिच्याशी बोलू देत नाही.