एक डझन बारकी रोपं

॥ श्री ॥

येडशी, ता. १० जानेवारी १९६१

ती. सौ. वनमालाक्कास,
लीलाचा शि. सा. न. वि. वि.

इकडं सगळं ठीक. ह्यांची शाळा नेहमीसारखी, संक्रांतीचे तीळ भाजून झालेत. तुझ्याकडून तुळजापूरला परतल्यावर अण्णांनी मला चार पानी पत्र लिहिलं. त्यातली साडेतीन पानं तुझ्या ऑर्किडच्या फुलावर आहेत. माझ्याकडं पंधरा दिवस राहून गेले तेव्हा एक कार्ड आलं होतं, त्यात सुखरूप पोचलो एवढंच. जानव्याचं सूत कातायची टकळी तुझ्याकडंही घेऊन गेले आणि त्याच सुतानं तुझं झाड सागाच्या फळीला बांधून आले म्हणे. माझ्याकडं त्यांनी कधी दोडक्याचा वेलसुद्धा बांधला नाही.

रागावू नकोस, पण माझा जळफळाट झाला. डॉक्टरांनी अण्णांना काचबिंदू सांगितलाय, नजर वर्ष-दोन वर्षंच टिकेल. त्याआधी माझ्या हातचं एक फूल आपल्या वडिलांनी बघावं, असं मला फार वाटतं. एका नर्सरीकडं ऑर्किडची बारकी रोपं डझनानं मिळतात अशी जाहिरात वाचली. नवशिक्यानं ती घ्यावीत का, ते कळव.

लोभ असू दे. तुझ्याकडं तो जास्तीचा आहे.

तुझी,
लीला


॥ श्री ॥

बेळगाव, ता. २२ जानेवारी १९६१

चि. सौ. लीला हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले, की हे पोस्टातून आल्या आल्या काय झालं म्हणून विचारायला लागले. माझ्या परकराचा काठ मोठा म्हणून तू स्वतःचा परकर कात्रीनं कापला होतास, त्याची आठवण झाली.

रोपं घेऊ नकोस. नवशिक्यानं फुलावर आलेलं एकच मोठं झाड घ्यावं. बारकं रोप बोटाच्या पेराएवढं असतं, फुलायला पाच-सहा वर्षं घेतं, आणि त्यातलीही बरीच मरतात. तुमच्याकडचा वैशाख तर निवडुंगालाही जड जातो. एवढं सांगून घेतलीसच, तर मातीत लावू नकोस. याला माती चालत नाही. कोळसे, विटांचे तुकडे, नारळाच्या शेंड्या एवढंच घालायचं, आणि पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. माझ्या झाडाला फुटवा आला की तुलाच देईन, तोवर धीर धर.

अण्णांच्या डोळ्यांचं मनाला लागून राहिलंय. स्वतःला जप, आणि माझ्यावर रुसायचं असेल तर थोडक्यात आवर.

तुझी,
अक्का


॥ श्री ॥

येडशी, ता. ५ मार्च १९६१

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मागणी धाडली. बारा रोपं आली आहेत. शेजारच्या हरणाबाई बघून म्हणाल्या, ह्ये बांडगूळ इकत कशाला आणलं, आमच्या आंब्यावर लई हाय.

मातीशिवाय झाड वाढतं हे मला काही पटलं नाही. स्पष्टच लिहिते. चकलीच्या भाजणीत धणे घालतात हे तू मला सांगितलं नव्हतंस, आणि त्या दिवाळीला माझ्या चकल्या कुत्र्यानंही खाल्ल्या नाहीत. तेव्हापासून तुझा सल्ला मी उलटा करून घेते. शेतातली काळी माती, मुरलेलं शेणखत, आणि तुळशीला घालते तसा प्रत्येकाला रोज सकाळी एक तांब्या पाणी. तुळस माझी कमरेएवढी आहे, ती कुणाला विचारून वाढली नाही.

अकरा रोपं कुंड्यांत लावली. बाराव्याला कुंडी उरली नाही, म्हणून फुटक्या टोपलीत शेगडीचे कोळसे घालून न्हाणीच्या खिडकीत टांगून दिलंय. तेवढंच तुझ्या समाधानाला.

माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
लीला


॥ श्री ॥

येडशी, ता. २० डिसेंबर १९६१

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

बरेच महिने लिहिणं झालं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. माझ्या रोपाला फूल आलंय. तुझ्यासारखंच पांढरं, पाकळी मात्र थोडी रुंद. अण्णांनाही कळवलं. पाच-सहा वर्षं वगैरे काही लागत नाहीत, हात लागतो.

थोरलेपणा आहेच, मायाही राहू दे.

तुझी,
लीला


॥ श्री ॥

बेळगाव, ता. ३ जानेवारी १९६२

चि. सौ. लीला हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दहा महिन्यांच्या रोपाला फूल येत नाही, लीला. मी काही बोलणार नव्हते, पण काल अण्णांचं पत्र आलं, दुसऱ्याकडून लिहवून घेतलेलं. आता त्यांना नुसते आकार दिसतात, म्हणून संक्रांतीला तातडीनं तुझं फूल बघायला निघालेत. त्यांना तू काय दाखवणार आहेस?

आता माझंही ऐक. ते झाड मी फुलासकट घेतलं होतं. त्याआधी अठरा रोपं मी मारली, सगळी मातीत. हे तुला कळवलं नाही, कारण अण्णा इथं महिनाभर होते आणि रोज पानावर बसले की लीलाच्या ज्वारीच्या भाकरीची आठवण काढायचे. माझ्या भाकरीला त्यांनी कधी वाईट म्हटलं नाही, पण चांगलंही म्हटलं नाही. तू जिच्यात मागं राहशील अशी एक तरी गोष्ट मला हवी होती.

माझं झाड उद्याच्या गाडीनं टोपलीत पाठवतेय. पार्सल ऑफिसातले रेवणप्पा मिरजेला स्वतः तुमच्याकडच्या छोट्या रुळांच्या गाडीत चढवून देणार आहेत. तीन फुलं उघडली आहेत. फळीवरून सोडवू नकोस, मुळं तुटतील. तुझंच म्हणून दाखव, माझं नाव काढू नकोस.

आणि धण्यांचं खरं आहे. मी मुद्दाम सांगितले नव्हते.

सांभाळून राहा, आणि हे पत्र जाळून टाक.

तुझी,
अक्का


॥ श्री ॥

येडशी, ता. १८ जानेवारी १९६२

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि. आणि या खेपेला तो खरोखरचा.

टोपली पोचली. एका फुलाची पाकळी दुमडली होती, बाकी ठीक. अण्णा संक्रांतीला एस.टी.नं आले. त्यांना सोप्यात उजेडाकडं तोंड करून बसवलं आणि फळी हातात दिली. डोळ्यांजवळ धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं. पांढरं दिसतंय म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला स्वतःची लाज वाटली. मग बोटं पाकळ्यांवरून खाली उतरली आणि सुतावर थांबली. जानव्याची गाठ, अक्का. ती ते अंधारातही घालतात. तूही विसरलीस, मीही विसरले.

थोड्या वेळानं म्हणाले, "ही गाठ माझी आहे. हे वनीचं झाड. तुझं कुठंय?"

मी सगळं सांगितलं. मातीतली अकरा रोपं आषाढापर्यंत कुजली, तेही सांगितलं. मग न्हाणीतली टोपली आणली. कोळशातलं ते बारावं जगलंय, दोन नवी पानं आहेत, एक मूळ टोपलीबाहेर लोंबतंय. अण्णांनी एका बोटानं ते मूळ शेवटपर्यंत चाचपलं. कोळसे घालायला कुणी सांगितलं, विचारलं. अक्कानं, म्हणाले मी. मग त्यांनी पिशवीतून टकळी मागितली, मला लाकडाची ढलपी शोधायला लावली आणि रोप स्वतः बांधलं. फूल कधी येईल, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तुझं झाड न्यायला तू स्वतः ये. अण्णा महिनाभर इथंच आहेत. भाकरी मी करीन, भाजणी तू कर, आणि धणे माझ्यासमोर घाल.

लोभ आहे हे आता कळलं, तेव्हा मागत नाही.

तुझी,
लीला

ता. क. तुझ्या झाडाला गाठीखाली सुताचे तीन वेढे आहेत. माझ्या रोपाला पाच. मी दोनदा मोजले.