तुंगाची डावी नाकपुडी

आश्विन शु. १, शके १८३१

शिंका! पागेत खरारा करताना अशा काही आल्या की माझी घोडी तुंगाच मागे सरली. दसऱ्याच्या तोफांनाही ती इतकी बिचकत नाही.

घरी आलो तर गोदाने इथलं कानडी पद्धतीचं मिऱ्यांचं सारू पुढ्यात ठेवलं. "नेगडी झालीय तुम्हाला. मुकाट्याने प्या की!" बायकोपुढे कोण बोलणार — प्यालो. नाक उलट जास्तच वाहू लागलं. हे कसलं औषध!

शु. ३

तुंगाचंही नाक वाहतंय. पागेत थट्टा — "रणोजीरावांनी घोडीला सर्दी दिली!"

जनावरांचे डॉक्टर तिरुमलराव भेटले. सारवाचं गाऱ्हाणं त्यांच्याकडेच केलं. हसले. म्हणाले, शेंबूड नाकात सदा तयार होतच असतो. धूळ, रोग त्याला चिकटतात. सर्दीत शरीर तो जास्त करतं — धुऊन काढायला. मिरं झोंबलं की पाणी सुटतं, वाफेने घट्ट असेल ते सैल होतं. "औषध सर्दीला मारत नाही हो. वाट मोकळी करतं, अल्लवा?"

जन्मभर घाण म्हणून शिंकरत आलो, तो आपलाच पहारेकरी!

शु. ६

तोबऱ्यात गरम कोंडा आणि निलगिरीची पानं घालून तुंगाला वाफ दिली. माझं नाक थांबलं. तिचं वाहतंच आहे — पण फक्त डावीकडून. चिकट. जबड्याखाली गाठही लागते हाताला.

आमचे जमादार दत्तोजीराव हळूच म्हणाले, "शेंब्या रोग नसला म्हणजे मिळवली. त्याला बंदुकीच्या गोळीशिवाय उपाय नाही."

नाही! सर्दीच आहे. शरीर धुऊन काढतंय, दुसरं काय.

शु. ९, खंडेनवमी

पूजेआधी तपासणी होती. दिसू नये म्हणून शेल्याने तिचं नाक पुसून ठेवलं. तिरुमलराव पुढे गेले. सुटलो!

मग आमच्या घराण्याची रीत — तळहातावर गूळ धरायचा, अर्धा घोडीने खायचा, उरलेला स्वाराने आणि त्याच्या बायकोने. तुंगाने अर्धा खाल्ला, उरलेल्यासकट तळवा चाटला. "माझ्यापेक्षा हिच्यावरच जीव तुमचा," गोदा म्हणाली, आणि आपल्या वाट्याचा खडा तोंडात टाकला.

शु. १३

दत्तोजीरावांनी शेवटी डॉक्टरांना सांगितलंच. परवा त्यांनी तिच्या मानेत सुई टोचली, रोग असला तर सूज येते म्हणे — आज मान सुजली. "आयतु, संपलं, रणोजीराव. शेंब्याच. लपवलंत कशाला? हा माणसालाही लागतो, आणि माणूस वाचत नाही."

शेला जाळला. गुळाचं बोललो नाही.

शु. १४

तुंगा गेली. लगाम मीच धरला. शेवटी तिने माझा तळवा हुंगला, सवयीने. पागेमागे जाऊन रडलो.

वद्य २

रोज आरशात नाक बघतो. ठीक आहे. गोदाला काही सांगितलेलं नाही, उगीच घाबरेल. तिने खाल्ला तो खडा केवढासा होता!

वद्य ५

सकाळी चुलीवर सारू उकळत होतं. गोदा म्हणाली, "आज मिऱ्यांचा वासच येईना की हो. डावी नाकपुडी गच्च झालीय."