पाखरांची रविवारची सुट्टी

१९ नोव्हेंबर १९३४, सोमवार
आमच्या दोन्ही पोरांची, बसवराज आणि चन्नम्मा यांची, शाळा आजपासून बंद. मास्तर पोरांकडून शेंगा फोडून घेतात असा मला दाट संशय आहे. मिलमधली क्लार्की सुटल्यापासून (मीच सोडली म्हणायला हरकत नाही) मला वेळही आहे. घरीच शिकवणार, तेही हातात वस्तू देऊन, हसतखेळत. मास्तरांना कळवायचं काम बायकोकडे, कमलम्माकडे दिलं. मी गेलो असतो तर शब्दानं शब्द वाढला असता. ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच का?

२० नोव्हेंबर, सकाळी ७
गणित. पोरांनी शेंगा फोडल्या, दाण्यांचे ढीग केले. नंतर अपूर्णांक, कडक भाकरीवर. पाव भाग नीट तुटेना, चुरा झाला. चुरा चटणीबरोबर मीच संपवला. दाणेही कमी भरले. शेजारच्या तिप्पण्णावर नजर ठेवणे.

साडेदहा ते पाच निसर्ग-निरीक्षण. पोरांना तळ्यावर पाखरं बघायला पाठवलं. तेवढ्या वेळात मी डोळे मिटून पुढचे पाठ योजतो.

२५ नोव्हेंबर, रविवार
आज पोरं तळ्यावर गेली नाहीत. बसवराज म्हणाला, रविवारी पाखरं नसतात. हे कुठल्याच पुस्तकात नाही. घरच्या शिक्षणाचा हा फायदा.

६ डिसेंबर
सासरे गुरप्पा यांचा अक्कलकोटहून निरोप. संक्रांतीला इथं गड्ड्याच्या यात्रेला येतील तेव्हा पोरांची परीक्षा घेणार. कच्ची निघाली तर दोघांना अक्कलकोटच्या कानडी शाळेत घालणार. मी कमलम्माला म्हणालो, खुशाल घेऊ देत परीक्षा. पण जेवण गेलं नाही. पोरं गेली तर मी दिवसभर या घरात करू काय?

१२ डिसेंबर
चन्नम्माच्या बोटांना शाई! विचारलं तर म्हणाली, जांभळं खाल्ली. डिसेंबरात? कुणीतरी पोरांना गाठतंय. मास्तरच असणार. असे चांगले विद्यार्थी हातचे गेल्यावर माणूस काय वाटेल ते करतो.

१३ डिसेंबर
छत्री उघडून तळ्यावर झाडामागं उभा राहिलो. पोरं कुठंच दिसली नाहीत. पोलीस मात्र आला, आणि बायका कपडे धुतात तिथं काय काम म्हणून विचारू लागला. निरीक्षण म्हणालो. तो आणखी जवळ आला. मी घरी आलो.

रात्री विचार केला. पाखरांजवळ जाताना आपण दिसता कामा नये, हे मीच शिकवलं होतं. पोरं माझ्याही पुढं गेली.

१४ जानेवारी १९३५, संक्रांत
परीक्षा झाली. बसवराजनं त्रैराशिक तोंडी सोडवलं. चन्नम्मानं अख्खा धडा घडाघडा वाचला. मी सासऱ्यांना कडक भाकरीची पद्धत समजावून सांगत होतो, तेवढ्यात मास्तर तिळगूळ घेऊन दारात. मला वाटलं, माफी मागायला आले.

त्यांनी सासऱ्यांना सांगितलं की पोरगा वर्गात पहिला आहे, आणि पोरगी एक दिवस चुकली नाही. कमलम्मा स्वयंपाकघरात गेली. सासरे हसले नाहीत, हे फार वाईट झालं.

मास्तर गेल्यावर मी पोरांना विचारलं, मग सकाळी माझ्यापुढं कशाला बसत होता?

चन्नम्मा स्वयंपाकघराकडे बघत म्हणाली, "अव्वा म्हणली, अप्पांना कायतरी काम पायजे. आन् तुमी सकाळी लई खुश असता की."

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू.

१६ जानेवारी, सकाळी
सासरे काल एकटेच परत गेले. आता शाळा बंद, म्हणजे माझी. तसं कुणाला सांगितलं नव्हतं, पण अंथरुणातून उठलो नाही.

सात वाजता बाहेर शेंगा फुटल्याचा आवाज. दोघं पाट मांडून बसलेली. चन्नम्मानं परवाचाच धडा काढला आणि मला वाचून दाखवायला लागली. मधेच एका शब्दाला अडली. परवा आजोबांपुढं तिनं तो शब्द न थांबता वाचला होता. मला चांगलं आठवतंय.

तरी मी सांगितला.